पाणमांजरं पळवायची पेटी

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, आपलाच कान आणखी बिघडला.

तसं वाटायला कारण होतं. अंबडच्या एका विजेच्या मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं टेस्टिंगला होते. तयार मोटार बाकावर चढवायची, चालू करायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगजवळ टेकवायचं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मोटारीच्या पोटात काय चाललंय ते मुठीतून नीट कळतं. पुढे यंत्रं आली, पडद्यावर रेषा उमटायला लागल्या, तरी शंका आली की सुपरवायझर मलाच हाक मारायचे. या सगळ्या वर्षांत शेजारच्या शेडमध्ये पत्रे कापायचा प्रेस धडधडत असायचा, त्याचा विचार कुणी केला नाही. मीही केला नाही. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि उजव्या कानात एक बारीक शिट्टी घेऊन मी घरी आले. ती अजून थांबलेली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "ही जाणार नाही. तिच्याकडे लक्ष जाणार नाही असं बघा. अगदी शांत खोलीत बसू नका, तिथे जास्त ऐकू येईल. काहीतरी मऊ आवाज आजूबाजूला असू द्या."

मी पंखा लावून बसले, नळ बारीक सोडून बसले. उपयोग झाला नाही. मग एकदा नवऱ्याबरोबर सहज घोटीच्या पुढच्या एका धरणावर गेले होते. काठावर मासे धरणारे एक बाबा पत्र्याची होडी पाण्यात ढकलत होते. सत्तरीच्या आसपासचे, अंगाने बारीक, पण हात दोरासारखे पिळदार. मी विचारलं, "मी बसू का थोडा वेळ?"

"पवता येतं?"

"नाही."

"मंग मधोमध बसा. अन् उठू नका."

त्या होडीत बसल्यावर पाणी बुडाच्या पत्र्याला लागून चुळुकचुळुक करत राहिलं, आणि अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की आपण शिट्टी विसरलो होतो. अर्थात लक्षात आल्याबरोबर ती परत ऐकू आली. पण अर्धा तास मिळाला होता.

तेव्हापासून दर गुरुवारी आम्ही जायला लागलो. नवरा काठावरच्या टपरीवर पेपर घेऊन बसायचा, मी बाबांबरोबर पाण्यावर. पहिले काही महिने नुसती बसून असायची. मग एक दिवस त्यांनी वल्ही माझ्या हातात दिली आणि स्वतः जाळं सोडायला मोकळे झाले. मी होडी गोल गोल फिरवली. तरी त्यांनी पुढच्या गुरुवारी पुन्हा दिली.

बाबांची एक सवय होती. धरणाच्या मधोमध गेले की ते वल्हं उभं पाण्यात खोल धरायचे आणि वरचा दांडा कानाला लावायचे. डोळे मिटून. मला वाटलं थकले असतील.

"मासा ऐकतोय," ते म्हणाले.

"मासा बोलतो?"

"बोलत नाय. खातो. खाताना वाजतो."

मीही कान लावला. आधी फक्त पाण्याचा जडपणा ऐकू आला. मग खालून, फार लांबून, मंद आचेवर लाह्या फुटाव्यात तसं काहीतरी. मी त्यांना स्क्रू-ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. ते खूप हसले. "म्हंजे तुमी बी त्येच करत व्हत्या की! निस्ता मासा लोखंडाचा."

एका ओहोळाच्या तोंडाशी, खडकांच्या कपारीत पाणमांजरांचं बिऱ्हाड होतं. एक आई आणि तिची तीन पिल्लं. ती खडकावरून पोटावर घसरत पाण्यात यायची आणि आमच्याकडे मान वर करून बघायची. बाबा त्यांना शिव्या द्यायचे, कारण ती त्यांच्या जाळ्यातले मासे पळवायची. दर हंगामाला जाळं शिवावं लागायचं. पण त्या बाजूला जाळं लावायचं त्यांनी कधी थांबवलं नाही.

मग धरणात पिंजरे आले. निळ्या पिंपांवर तरंगणारे लोखंडी सांगाडे, त्यांच्याखाली सोडलेल्या मोठमोठ्या जाळ्या आणि त्यात चिलापी मासे. मधून चालायला फळ्या. काठावर एक कंटेनर आणून ठेवला, तो ऑफिस. गावातल्या काही बायकांना तिथे कामावर घेतलं, त्यात बाबांची सून होती. सकाळ-संध्याकाळ माशांना खाद्य टाकायचं, जाळ्या घासायच्या. आधी ती द्राक्षाच्या हंगामात निफाडकडे मजुरीला जायची, महिने-महिने दुसऱ्याच्या शेडमध्ये राहायची. आता रोज संध्याकाळी घरी यायला लागली. बाबांना पिंजरे आवडले नव्हते, पण ते एवढंच म्हणाले, "पोरगी घरात हाय, हे लय झालं."

पुढच्या हिवाळ्यात आवाज सुरू झाला.

होडी काठापासून थोडी आत गेली की तो यायचा. टिक-टिक-टिक असे झटके, मग लांबलचक चिरकणं, मग जरा थांबणं, की पुन्हा झटके. पत्र्यातून माझ्या मणक्यात चढायचा आणि जबड्यात येऊन बसायचा. काठावर उतरलं की काही नाही. नवऱ्याला विचारलं, तुला काही ऐकू येतंय का, तर तो पेपरातून मान वर करून म्हणाला, "कसलं?" मी म्हटलं, काही नाही.

मी एकटीच पुन्हा कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुमची शिट्टी होती तशीच आहे. नवीन काही नाही."

"मग होडीत बसल्यावरच का येतो हा आवाज?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग आवाज एकदम मवाळ करून विचारलं, झोप नीट लागते ना, घरी कोण कोण असतं, मुलं कुठे असतात. ते काय विचारत होते ते मला कळलं. मी उत्तरं दिली, ताकदीच्या गोळ्यांची चिठ्ठी घेतली आणि खाली येऊन रिक्षात बसले. घरी काही सांगितलं नाही. पुढचे दोन गुरुवार पाठ दुखते म्हणून गेले नाही.

तिसऱ्या गुरुवारी गेले. बाबा वल्हवत होते. मी दात आवळून पिंजऱ्यांकडे पाठ करून बसले होते. मग समोर बघतच म्हणाले, "ताई, तुमाला बी दातात येतंय का?"

मला रडू आलं. साठीला आलेली बाई होडीत बसून रडतेय म्हणून ते गोंधळले. वल्ही सोडून दिली.

"महिना झाला," ते म्हणाले. "मी म्हनलं, आता आपलं डोकं गेलं. आमच्या आजोबांचं बी शेवटी असंच झालं व्हतं. घरात कुनाला सांगायचं कसं?"

त्यांनी वल्हं पाण्यात उभं धरलं आणि आधी मला ऐकायला दिलं. डोक्यात कुणीतरी पत्र्यावरून सुरी ओढतंय असं वाटलं. मी दांडा झटकन बाजूला केला. मग आम्ही थोडं पुढे जायचो, ऐकायचो, पुन्हा पुढे जायचो. पिंजऱ्यांकडे जाताना आवाज वाढत गेला, ओहोळाकडे वळलं की कमी झाला. लाह्यांचा आवाज मात्र कुठेच नव्हता.

सून फळीवर उभी राहून खाद्य टाकत होती. बाबांनी होडी लावली. मी विचारलं तेव्हा तिने लगेच सांगितलं. "त्या कोपऱ्याला पेटी सोडलीय खाली. पाणमांजरं जाळी फाडत्यात ना. त्यांना त्यो आवाज सोसत नाय म्हनं."

"सारखी चालू असते?"

"दिवसरात."

"आणि तुला सोसतो?"

"पायातून येतो. सांजच्याला डोकं धरून बसते." मग ती हसली. "पन मी काय पाणमांजर हाय का, पळून जायला?"

त्यानंतरच्या काही महिन्यांबद्दल लिहायला मला कंटाळा येतो. मी तक्रार करायची ठरवलं. कारखान्यात असताना मी तपासणीचे शेकडो रिपोर्ट लिहिले होते, त्यामुळे वाटलं, नीट लिहिलं की काम होतं. पहिल्या कार्यालयात म्हणाले, पाणी आमच्याकडे नाही, मासे आमच्याकडे आहेत. दुसऱ्या कार्यालयात पाणी होतं, पण आवाज नव्हता. तिथल्या साहेबांनी माझं पत्र वाचून विचारलं, "आवाज कुठे येतो म्हणालात?"

"पाण्याखाली."

"मग तुम्ही पाण्याखाली काय करता?"

खोलीतले सगळे हसले. मीही हसले, कारण न हसून काय करणार. तिसऱ्या ठिकाणी छापील फॉर्म दिला. त्यात क्षेत्र कोणतं त्यावर खूण करायची होती: निवासी, व्यापारी, औद्योगिक, शांतता. मी विचारलं, धरणाच्या पोटाला कुठे खूण करू? खिडकीतल्या मुलीने फॉर्म उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "खरंच हो, काहीच नाहीये."

दरम्यान बाबांच्या जाळ्यात मासा येईना. ते पार दुसऱ्या टोकाला, धरणाच्या भिंतीपासून लांबच्या अंगाला जायला लागले. त्या वयात रोज दुप्पट वल्हवणं. खांदा दुखतो म्हणून ते शर्टाच्या आत ओला पंचा ठेवायचे. ओहोळाच्या तोंडाशी आम्ही दोनदा जाऊन आलो. पाणमांजरं घसरायची तो खडक कोरडा पडला होता, कपारीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं. बाबा म्हणाले, "गेली." मग त्यांनी कधी नव्हे ती होडी लगेच वळवली.

उन्हाळ्याच्या शेवटी एक अधिकारी पाहणीला आले. सज्जन माणूस. बूट हातात घेऊन, पॅन्ट दुमडून होडीत चढले. त्यांच्याकडे आवाज मोजायचं यंत्र होतं. ते त्यांनी हवेत धरलं. वारा होता, टिटवी ओरडत होती, एवढंच त्यावर आलं. बाबांनी वल्हं पाण्यात धरलं आणि दांडा त्यांच्यापुढे केला. साहेबांनी संकोचून कान लावला आणि दचकून मागे सरले.

"बाप रे," ते म्हणाले. "बाई, आवाज आहे. मी नाही म्हणत नाही. पण माझं यंत्र हवेतलं आहे. मी लिहू काय?"

त्यांनी लिहिलं, मोजमापात आवाज आढळला नाही. खाली, मला बरं वाटावं म्हणून असेल, हाताने आणखी एक ओळ जोडली: तक्रारदाराचे म्हणणे ऐकून घेतले.

पुढच्या गुरुवारी बाबांची होडी काठावर पालथी होती. बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय आणि लाइफ-जॅकेटशिवाय होडीत बसवायचं नाही, असा निरोप आला होता. नियम जुनाच होता. इतकी वर्षं तो कुणाला आठवला नव्हता, इतकंच. बाबा टपरीवर आलेच नाहीत. सून आली, माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, तुमी लिवता अन् घरी जाता. मला रोज त्याच फळीवर उभं राहायचंय."

मी म्हटलं, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

"चुकलं नाय," ती म्हणाली. तिला राग आला नव्हता, ती फक्त दमलेली दिसत होती. "पन आता कागद नको. पिंजऱ्याच्या सायबाशी बोला. मी संगं येते."

इतक्या महिन्यांत मी त्या कंटेनरमध्ये एकदाही गेले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पिंजऱ्यांचा साहेब तिशीचा मुलगा होता, लांबच्या जिल्ह्यातून आलेला, मत्स्यशास्त्र शिकलेला. कंटेनरमध्येच राहायचा. खुर्ची एकच होती, ती त्याने फायलींनी भरली होती, म्हणून मला खाद्याच्या पोत्यावर बसवलं आणि स्वतः चहा करून दिला. मी भांडणाच्या तयारीने गेले होते, ती सगळी तयारी त्या चहात गेली.

"मॅडम, पेटी मी मागवलेली नाही," तो म्हणाला. "वरून आली. जाळी फाटली की मासे जातात, आणि जाब मला द्यावा लागतो."

"तुम्ही कधी ऐकलाय तो आवाज?"

"तो माणसाला ऐकू येत नाही, असं त्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय."

मी त्याच्याकडे लांब स्क्रू-ड्रायव्हर मागितला. आम्ही फळीवर गेलो. मी टोक पिंजऱ्याच्या पाइपला टेकवलं आणि मूठ त्याच्या कानामागे लावली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. पण हा मुलगा तिथेच राहत होता. तो म्हणाला, "म्हणूनच माशांनी खाद्य कमी केलंय की काय?" सून म्हणाली, "मी कवाची सांगते, सायेब."

तेवढ्यात बाबा आले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी पिंजऱ्याच्या कडेला बसून खाली बोट दाखवलं. "पाणमांजर जित्या माशासाठी हितं कशाला मरंल? धरण पडलंय त्याला. खाली टोकाला मेलेला मासा साठतो. त्याच्यासाठी फाडतंय."

साहेब म्हणाला, मेलेले मासे दर शनिवारी पाणबुड्या येऊन काढतो. सून म्हणाली, शनिवारपर्यंत ते सडतात, आम्ही रोज सकाळी जाळीचं टोक वर ओढून काढू, तिघी मिळून. तो शेवटी पंधरा दिवस बघू म्हणाला.

पेटी वर काढली तेव्हा मी तिथे होते. जेवणाच्या चार पुडांच्या डब्याएवढी, शेवाळ धरलेली. साहेबाने तारा सोडवल्या आणि ती कंटेनरमध्ये खिळ्याला अडकवली. पंधरा दिवसांत जाळी फाटली नाही. महिन्यात नाही, त्या अख्ख्या पावसाळ्यात नाही. मी दोन जॅकेटं आणली, परवानगीचा कागद साहेबानेच मिळवून दिला, आणि होडी पुन्हा पाण्यात गेली. थंडी पडायच्या सुमाराला एकदा बाबांनी वल्ह्याला कान लावला आणि दांडा माझ्याकडे दिला. पूर्वीइतकं नाही, पण खाली काहीतरी फुटत होतं.

एवढ्यावर हे संपलं असतं तर मला आवडलं असतं. पण त्या साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाने आल्या आल्या सामानाची यादी तपासली. यादीत पेटी होती, पाण्यात नव्हती, म्हणून त्याने ती पाण्यात सोडली. दुसरं काही कारण नव्हतं. मी गुरुवारी होडीत बसले आणि बसताक्षणी जबड्यात आलं. आम्ही तसेच परत फिरलो.

मी पुन्हा जाऊन खाद्याच्या पोत्यावर बसले. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेच शब्द, त्याच क्रमाने. मध्येच माझा आवाज मला परका वाटायला लागला. हा माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला घाई होती. तो म्हणाला, मेलेले मासे रोज काढता ते चांगलंच आहे, पण पेटी पूर्ण बंद ठेवली आणि उद्या काही झालं तर? शेवटी सकाळपासून दुपारी बारापर्यंत बंद, पुढे चालू, असं ठरलं. मी आभार मानले. मला तेव्हा खरंच जास्त काही मागायची ताकद नव्हती.

आता आम्ही सकाळी लवकर निघतो. वल्ही बहुतेक मीच मारते, बाबांचा खांदा पुरता गेला आहे. ते मधोमध बसतात आणि माझं वल्हं वाकडं पडलं की नुसते खाकरतात. ओहोळाची कपार रिकामीच आहे. मध्ये एकदा सुनेला शेवटच्या फळीवर ओल्या पंजांचे ठसे आणि माशांचे खवले दिसले. साहेब यायच्या आत तिने बादलीभर पाणी ओतून ते धुऊन टाकलं. मला हळूच सांगितलं, "एकच व्हतं. ल्हान." मी बाबांना सांगू का विचारलं, तर ती म्हणाली, "नको. रोज वाट बघत बसतील."

परवा तिचा फोन आला. साहेब आठवडाभर रजेवर चालले आहेत आणि त्यांच्या जागी कोण येणार हे तिला माहीत नाही. येणाऱ्याला पेटीची वेळ कोण सांगणार? मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सकाळी बंद, बारानंतर चालू. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो गुरुवारी तिच्या हातात दिला. कंटेनरच्या दाराला आतून चिकटव, म्हटलं, बाहेरून पावसात भिजेल. तिने तो घडी करून पदराला बांधला आणि खाद्याची पाटी उचलून फळीवर गेली.